फुटबॉलचे शेवटचे आठ टाके

फुटबॉल उलटा शिवतात. आतली बाजू बाहेर ठेवून सगळा शिवायचा आणि शेवटी राहिलेल्या फटीतून हात घालून, पायमोजा उलटवतात तसा, सुलटा करायचा. हे मी आजवर जितक्या लोकांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी ‘हा थापा मारतोय’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. उभा जन्म बॉलला लाथा घातलेल्या माणसांनासुद्धा हे ठाऊक नसतं. बॉल कुणीतरी बसून शिवतो, हेच मुळात कुणाच्या मनात येत नाही.

मी पनवेलच्या बाजारात बसून वीस वर्षं फुटबॉल शिवले. फुटबॉल कसे बदलत गेले ते लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणालो. माझं शिक्षण म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत. पण मध्यंतरी एका स्मरणिकेत एका जाणत्या गृहस्थानं लिहिलेलं वाचलं, की आपल्या भागात त्या काळी चांगला बॉल तयारच होत नव्हता, सगळा माल बाहेरून यायचा. वाचून माझं डोकं फिरलं. हे धादांत खोटं आहे. ते गृहस्थ ज्या बॉलनं खेळले तो माझ्या मांडीवर तयार झाला होता. म्हणून लिहितोय.

माझे वडील पखाली शिवत. नळ येण्याआधी पखालवाला घरोघर पाणी घालायचा. कातड्याची भली मोठी पिशवी पाठीवर, नाहीतर बैलाच्या पाठीवर, ती पखाल. तिची शिवण गळली तर आधी पखालवाल्याची पाठ भिजायची, आणि मग तो आमच्या दारात येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्यामुळे न गळणारा टाका मी लहानपणीच शिकलो. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडायचं, दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून घालायच्या आणि दोन्ही हातांनी ओढायचं. असा टाका एक तुटला तरी शेजारचा सुटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लष्कराच्या तळावरून फाटके फुटबॉल दुरुस्तीला येऊ लागले. वडील म्हणाले, “बघ तुला जमतं का.” असला प्रकार मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. एक अगदीच कामातून गेलेला बॉल होता, तो मी सगळा उसवला आणि तुकडे जमिनीवर मांडले. अठरा निघाले. तीन-तीन लांबट पट्ट्यांचे सहा गट. कागद ठेवून प्रत्येक तुकड्याचा आकार काढून घेतला. ते कागद पुढं झिजले, मी नवे काढले, पण सगळा धंदा त्या कागदांवर उभा राहिला.

तो जुना बॉल कसा असायचा ते आजच्या पोरांना सांगायला हवं. बॉलला एक चीर असायची. तिच्यातून रबरी ब्लॅडर आत सरकवायचा, त्याची नळी बाहेर ठेवून पंपानं हवा भरायची, नळी दुमडून सुतळीनं करकचून बांधायची, ते बोंडूक आत कोंबायचं आणि वरून बुटाला लेस घालतात तशी कातड्याची वादी ओवून चीर बंद करायची. वादीची बाजू टेंगळासारखी वर येई. उंचावरून बॉल आला की शहाणा खेळाडू आधी वादी कुठं आहे ते हेरायचा आणि मगच डोकं लावायचा. पावसात तोच बॉल पाणी पिऊन इतका जड व्हायचा, की चांगले चांगले गडी डोकं लावायचं सोडून बाजूला व्हायचे आणि वर ‘ऑफसाइड होता’ असं सांगायचे.

फाळणी झाली आणि बॉल यायचे बंद झाले. चांगला बॉल म्हणजे सियालकोटचा, असं तेव्हा सगळेच मानत. तो मुंबईच्या दुकानांत यायचा आणि तिथून पनवेलला. सियालकोट एकाएकी परदेश झालं. दुकानांतला शिलकी माल बघता बघता संपला.

एके दिवशी कासमभाई माझ्याकडे आला. त्याची बंदराकडे लाकडाची वखार होती आणि तो आमच्या पनवेलच्या संघाचा कप्तान. माणूस दारात उभा राहिला की दुकानात अंधार व्हायचा. त्यानं काखेतला बॉल माझ्यापुढं टाकला.

“नारायण, हा आमचा आखरी बॉल. हा गेला की आम्ही काय नारळानं खेळायचं?”

मी तो फिरवून पाहिला. कातडं पापडासारखं झालं होतं. “कासमभाई, ह्याचं आता काही होत नाही.”

“मग नवा बनव.”

“मी?”

“पखाल बनवतोस ना? त्यात पाणी राहतं. ह्यात हवा ठेव. फरक काय?”

फरक काय तो मला पुढचे तीन महिने कळत होता. पखालीला पोट सुटलेलं चालतं, उलट सुटायलाच हवं, जास्त पाणी मावतं. म्हणून पखालीला जनावराच्या पोटाकडचं मऊ, ताणणारं कातडं वापरायचं ही आमच्या घरातली शिकवण. मी त्याच शिकवणीनं पहिला बॉल केला. दिसायला देखणा झाला. कासमभाईनं कौतुकानं सगळा संघ गोळा केला. खेळ सुरू झाला, लाथा बसायला लागल्या आणि बॉल सावकाश लांब होत गेला. मध्यंतरापर्यंत त्याचा दुधी झाला होता. उजवीकडे मारला तर डावीकडे जायचा. सगळं मैदान हसत होतं आणि मी कडेला उभा राहून मान खाली घालून बघत होतो. कासमभाई तो बॉल घेऊन आला आणि म्हणाला, “ह्यात चणाडाळ टाकून भाजी कर, नारायण. आणि दुसरा बनवायला घे.”

पिढीजात कसबच नडलं. पखाल शिवणाऱ्याच्या मुलाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. मग मी पाठीचं कातडं घ्यायला लागलो. ओलं करून, खुंट्यांना ताणून ठेवायचं, जेवढं ताणायचं असेल तेवढं आधीच ताणून जाऊ दे म्हणून. प्रत्येक तुकडा हातानं ओढून त्याचा ताण कुठल्या बाजूला जातो ते बघायचं, आणि एका गटाचा ताण आडवा तर शेजारच्या गटाचा उभा ठेवायचा. चौथा बॉल गोल झाला आणि गोलच राहिला. त्या दिवशी मी तो उशाशी घेऊन झोपलो होतो, असं घरचे अजून सांगतात. मला आठवत नाही, पण झोपलो असेन.

मग दोऱ्यानं रडवलं. उरणच्या बाजूचे सामने एका पडीक आगरात व्हायचे. आगर म्हणजे मिठागर. मीठ पिकवायचं सोडून दिलेली सपाट, टणक जमीन, फुटबॉलला अगदी फर्मास. फक्त भरतीचं पाणी खालून पाझरायचं आणि बॉल खारवून निघायचा. दोन-तीन सामन्यांत शिवण कुजायची. कातडं शाबूत आणि दोऱ्याचं पीठ. मी जाड दोरा वापरून पाहिला, दुप्पट मेण लावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

मोरा बंदरातला जोमा कोळी सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजाराला यायचा आणि चप्पल दुरुस्त करून घ्यायला माझ्यापुढं बसायचा. त्यानं तो कुजका दोरा बोटांत चुरगाळून पाहिला.

“कच्चा हाय तुमचा दोरा,” तो म्हणाला. “आमची जाली बारा महिने खाऱ्या पान्यात रातात. ती काय कुजतात? आमी ऐनाच्या सालीत शिजवतो ना.”

“दोरा शिजवायचा?”

“नाय तर काय! काला होईस्तवर शिजवायचा. आनि कातड्याला मुशीचं तेल लावा. आमी होडीला लावतो. पानी आत जायाचं नाय.”

ऐनाच्या झाडाची साल आपटा गावाकडच्या जंगलातून यायची. परसातल्या चुलीवर मी हंडाभर पाण्यात साल आणि सणाच्या दोऱ्याच्या गुंड्या उकळल्या. दोरा तांबडा-काळा झाला आणि खरंच टिकला. मुशीचं तेलही लागू पडलं. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल कातड्यात मुरलं की पाणी आत शिरत नाही. पण त्याचा वास! बॉल मैदानात ठेवला की आजूबाजूची मांजरं येऊन बसायची. एकदा गोलकीपरच्या पायांत मांजर आलं म्हणून गोल झाला आणि त्यावरून अर्धा तास भांडण झालं. माझी बायको सखू तर पहिल्याच दिवशी नाकाला पदर लावून म्हणाली, “हा बॉल घरात नाय येनार. बाहेर ठेवा, नायतर तुमी पन बाहेर ऱ्हावा.” ती चिरनेरची, जंगल सत्याग्रहात गोळ्या झेललेल्या गावची. माहेरचं गाव कुणापुढं वाकत नाही याचा तिला अभिमान, आणि त्याचा प्रयोग मुख्यतः माझ्यावर.

पाच-सहा वर्षं अशी गेली. पनवेल, उरण, पेण या भागातले संघ माझ्याकडून बॉल नेत. मला त्याचा माज होता, कशाला खोटं बोलू? आणि माजातच चूक झाली.

उरणच्या संघाबरोबर सामना होता. मध्यंतरात बॉल थोडा मऊ वाटला म्हणून माझ्याकडे आणून दिला. मी कडेलाच बसलेला असायचो. हवा भरली, वादी ओढली. वादीचं टोक शेवटी आत, आधीच्या वेढ्याखाली दडपायचं असतं. पंच शिट्टी वाजवत होता, सगळे ‘आटप आटप’ म्हणत होते. मी टोक दडपलं नाही, वरच गाठ मारली. म्हटलं, पाऊण तासाचा तर प्रश्न आहे. त्या खाऱ्या जमिनीवर गाठ वाळून खड्यासारखी झाली आणि शेवटच्या पाच मिनिटांत कासमभाईनं उंच बॉलला डोकं लावलं ते नेमकं त्या गाठीवर. भुवईच्या वर फाटलं. अर्धा चेहरा रक्तानं माखला. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.

मी धावत गेलो. डॉक्टरांनी चार टाके घातले. कासमभाई शुद्धीवर होता. टाके घालताना मला म्हणाला, “नीट बघून घे. तुझ्यापेक्षा लांब लांब घालतात.” त्याला हसू आलं, मला रडू आलं. गाठ माझी होती. हे मी तेव्हाही कबूल केलं आणि आजही करतो.

पनवेल संघाच्या क्लबचे सेक्रेटरी एक वकील होते. शिकलेले, खेळासाठी स्वतःचा वेळ घालवणारे, वाईट माणूस म्हणता येणार नाही असे. क्लबच्या खोलीला तीन पायऱ्या होत्या आणि मी नेहमी खालच्या पायरीवर उभा राही. ‘वर ये’ असं कधी कुणी म्हणालं नाही, ‘येऊ नको’ असंही कुणी म्हणालं नाही. शिवाशिव कायद्यानं बंद होऊन वर्षं झाली होती. पायऱ्या होत्या तिथंच होत्या.

वकीलसाहेब वरून म्हणाले, “नारायण, आता हे बस झालं. उद्या कुणाचा डोळा गेला तर जबाबदार कोण? कमिटीनं ठरवलंय, मुंबईहून व्हॉल्व्हचा बॉल आणायचा. वादी नको आणि ही घरगुती कामंही नकोत. शेवटी स्टँडर्ड म्हणून काही असतं. जोडे शिवणं वेगळं, हे वेगळं.”

एका वाक्यात त्यांनी माझी सहा वर्षं पुसून टाकली. मला कळत होतं, आज मी गप्प उतरलो तर या भागात पुन्हा कुणी माझा बॉल घेणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, कासमभाईचं डोकं फोडणारा नारायण, एवढंच माझं नाव राहील.

“साहेब, गाठ माझी चुकली,” मी म्हणालो. “कासमभाईची माफी मागितली, तुमचीही मागतो. पण बॉल चुकला नाही. बिनवादीचा पाहिजे ना? मी करून देतो. उरणच्या फायनलला.”

“तुला नाही जमणार ते.”

“मी शिवलेला बॉल तुम्ही छातीवर घेता, डोक्यावर घेता. आत आणून त्या टेबलावर ठेवता. तो वर चालतो आणि मी खाली. एवढं इतकी वर्षं चालवून घेतलंत, तर आणखी एक बॉल चालवून घ्या.”

वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला, पण ते एवढंच म्हणाले, “फायनलच्या दिवशी घेऊन ये. कमिटी बघेल.”

घरी येईपर्यंत माझा जोर ओसरला होता, कारण बिनवादीचा बॉल कसा बंद करतात हे मला ठाऊक नव्हतं. व्हॉल्व्हचा ब्लॅडर मुंबईत मिळत होता. त्याला नळी नसते, एक रबरी बोंड असतं. पंपाची बारीक नळी थुंकीनं ओली करून त्यात खुपसायची, हवा भरायची, काढली की भोक आपलं आपण मिटतं. ते सोपं. अडचण पुढंच. बॉल उलटा शिवला, शेवटच्या चार बोटांच्या फटीतून सुलटा केला, ब्लॅडर आत घातला. आता ती फट कशी मिटवायची? आत हात जात नाही. बाहेरून शिवायचं तर दोरा वर दिसतो, झिजतो, तुटतो. आणि कातड्याच्या खाली लगेच ब्लॅडर. सुई गवताच्या पातीइतकी खोल गेली की फुस्स.

चार ब्लॅडर आणले होते. तीन मी भोसकले. तिसरा फुटला तेव्हा मी आरी भिंतीवर फेकून मारली.

सखू पलीकडे बसून उशीत सावरीचा कापूस भरत होती. ती उठली नाही. म्हणाली, “तुमी ओढत ओढत शिवता, म्हनून अडतं.”

“मग कसं शिवायचं?”

“उशीचं तोंड कसं शिवतात? आधी सगला दोरा सैल ओवायचा. ह्या काठातून त्या काठात, त्या काठातून ह्या काठात. तोंड उघडंच. आत दिसतं सगलं. मंग एकदम ओढायचा.”

आणि तिनं माझ्यादेखत उशी बंद केली. शिडीच्या पायऱ्यांसारखे सैल टाके दिसत होते, तिनं दोरा ओढला आणि दोन्ही काठ आत वळून एकमेकांना चिकटले. दोरा कुठं दिसेना. मी पखाल शिवणाऱ्याचा मुलगा, सहा वर्षं बॉल शिवणारा, आणि हे रोज माझ्या डोक्याखाली होतं.

शेवटचा ब्लॅडर तिच्यासमोर ठेवला. माझी बोटं जाड, फटीत मावेनात. तिनं आमटीच्या डावाचा लाकडी दांडा ब्लॅडर आणि कातडं यांच्या मध्ये सरकवला, म्हणजे सुई लागली तर लाकडाला लागेल, आणि एकेक करून आठ टाके सैल ओवले. दांडा काढून घेतला. दोऱ्याची दोन टोकं मी दोन हातांत धरली आणि ओढली. फट मिटली. हवा भरली, बॉल पाण्याच्या घंगाळात बुडवला आणि आम्ही दोघं बुडबुडे बघत बसलो. एकही आला नाही. मी तिला उचलून घ्यायला गेलो तर म्हणाली, “हात धुवा आधी. मुशीचा वास येतो.”

फायनलच्या दिवशी आगराच्या कडेला टेबल मांडलं होतं, त्यावर मुंबईचा नवाकोरा बॉल. मी माझा त्याच्या शेजारी ठेवला. वकीलसाहेबांनी त्याला हात लावला नाही. ते म्हणाले, “मॅच महत्त्वाची आहे. कमिटीला रिस्क घेता येणार नाही.”

“पण तुम्ही घेऊन ये म्हणाला होतात.”

“बघतो म्हणालो होतो. बघितला.”

मी काही बोलायच्या आत कासमभाई पुढं आला. कपाळावरची पट्टी नुकतीच निघाली होती, व्रण अजून गुलाबी होता. त्यानं माझा बॉल उचलून सगळीकडून दाबला, फिरवला. “बंद कुठं केलास?” त्यानं विचारलं. “शोधा,” मी म्हणालो. त्याला सापडेना. मग त्यानं बॉल उंच उडवला आणि डोकं लावलं. पुन्हा उडवला, पुन्हा लावलं. बरोबर त्या व्रणावर. मला बघवत नव्हतं. सात-आठ वेळा झाल्यावर त्यानं तो वकीलसाहेबांच्या हातात दिला.

“डोकं माझं आहे ना साहेब? मग रिस्क पण माझी. ह्याच बॉलनं खेळणार. नाही तर तुमची कमिटी खेळू दे.”

उरणच्या कप्तानानंही एकदा डोकं लावून पाहिलं आणि मान हलवली. माझा बॉल मैदानात गेला. दीड तास त्या खाऱ्या, ओलसर जमिनीवर तो खेळला, गोल राहिला, हलका राहिला, टाका उसवला नाही. पनवेल एका गोलनं हरलं. त्याला माझा इलाज नव्हता, गोल मारायचं काम माझ्याकडे नव्हतं.

बक्षीस समारंभाला मुंबईचे एक पाहुणे होते, जुने खेळाडू. त्यांनी बॉल हातात घेऊन विचारलं, “हा कुठला? फार सुरेख आहे.” मी दहा हातांवर उभा होतो. वकीलसाहेब म्हणाले, “आमच्या क्लबनं खास करवून घेतलाय.” आणि पुढच्या बक्षिसाचं नाव पुकारलं.

करवून घेतलाय! कुणाकडून? मी इतका संतापलो होतो, की घरी जेवलो नाही. त्याच आठवड्यात लोहाराकडून लोखंडी शिक्का करवून आणला. तापवून कातड्यावर दाबला की अक्षरं उमटत, ‘नारायण, पनवेल’. पुढच्या प्रत्येक बॉलवर तो मारायचा ठरवला.

वकीलसाहेबांना ते खपलं नाही. “हे नाव कशाला? क्लबच्या बॉलवर असलं काही बरं दिसत नाही.”

“सियालकोटच्या बॉलवर नाव असायचं, साहेब.”

“ते कंपनीचं असायचं.”

“हे माणसाचं आहे. घ्यायचा तर नावासकट घ्या, नाही तर राहू द्या.”

राहू दिला. एक हंगाम क्लबनं माझ्याकडून काही घेतलं नाही. मी चपला शिवत बसलो. मला चटका लागला, पण नाव खोडायला मी गेलो नाही. पुढच्या हंगामात त्यांचे मुंबईचे दोन बॉल आगरातच उसवले आणि निरोप आला, सहा बॉल पाहिजेत. निरोप आणणाऱ्याला मी विचारलं, “नावासकट?” तो म्हणाला, “साहेब म्हणाले, असू दे.”

त्यानंतर माझा धंदा आणखी दहा-बारा वर्षं चालला. मग बॉल पुन्हा बदलला. पट्ट्या गेल्या, बत्तीस लहान तुकडे आले, पाच कोनांचे आणि सहा कोनांचे. तोही मी उसवून, कागद ठेवून शिकलो. नायलॉनचा दोरा आला तेव्हा ऐनाची साल उकळायचं कारण उरलं नाही. जोमाच्या जाळ्यांनाही तोच दोरा आला होता. मग कातड्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन, रंगवून, पंजाबातल्या आणि मेरठकडच्या कारखान्यांतून बॉल गाडीभर येऊ लागले. ते चांगले असतात, मी नावं ठेवणार नाही. पाणी पीत नाहीत, मांजरं मागं लागत नाहीत. एका माणसानं दोन दिवसांत एक बॉल करायचा, हे त्यांच्यापुढं टिकणार नव्हतं. मी थांबलो, पण हरलो म्हणून थांबलो नाही. बॉलच्या कुठल्याही बदलाला मी पाठ दाखवली नाही, एवढं माझ्याविषयी लिहून ठेवावं.

शिक्क्याची गोष्ट मात्र मी आजवर सगळीकडे अर्धीच सांगत आलो. हा लेख घरात वाचून दाखवावा लागणार आहे, तेव्हा उरलेली अर्धी इथं सांगतो.

क्लबचे ते सहा बॉल शिवून, सुलटे करून झाले होते. शिक्के मारून झाले होते. शेवटचे आठ टाके तेवढे बाकी, आणि ते सखूचे. पहिल्या बिनवादीच्या बॉलपासून ते तीच घालत होती, मला कधी जमलेच नाहीत. तिनं बॉल मांडीवर घेतला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंय?”

“नारायण, पनवेल,” मी ऐटीत सांगितलं.

“आनि मी?”

मला हसू आलं. “तुझं कसं? बॉलवर बाईचं नाव कुणी घालतं का? बरं दिसत नाही ते.”

तिनं सुई काढून बॉलवर ठेवली, बॉल जमिनीवर ठेवला आणि उठली. “मंग तुमीच शिवा.”

मला वाटलं, चार घटकांत राग जाईल. तीन दिवस गेले. ती स्वयंपाक करत होती, बोलत होती, सुईला हात लावत नव्हती. मी दोन ब्लॅडर भोसकले. क्लबचा माणूस दोनदा येऊन गेला. शेवटी मी चिडून म्हणालो, “अगं, वकीलसाहेब काय म्हणतील?”

“तुमी वकीलसायबाला काय म्हनालात, ते तुमीच मला फुशारकीनं सांगितलंत,” ती म्हणाली. “घ्यायचा तर नावासकट घ्या. आता मी तेच म्हनते तर त्याची भाषा तुमी माज्याशी बोलता. बरं दिसत नाय!”

त्या खालच्या पायरीवर उभं राहून मला जे वाटत आलं होतं, ते मी स्वतः घरात कुणालातरी वाटायला लावलं होतं, आणि ते मला तोंडावर सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मला लाज वाटली. मी उठून लोहाराकडे गेलो आणि नवा शिक्का करवून आणला. जुन्या अक्षरांवरचं कातडं खरवडून सहाही बॉलवर तो दाबला.

“झालं,” मी म्हणालो. “तुझं नाव घातलंय. आधी तुझं, मग माझं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यातला एक बॉल काखेत मारला, पदर खोचला आणि सरळ घराबाहेर पडली. मी मागोमाग गेलो. ती बाजारातून चालत कासमभाईच्या वखारीत शिरली. तिथं गिऱ्हाइकं होती, मजूर होते. आमच्यातली बाई अशी वखारीत शिरलेली तोवर कुणी पाहिली नसावी.

“कासमभाय, काय लिवलंय ते वाचून दावा.”

कासमभाईनं चष्मा लावला. “सखू-नारायण, पनवेल.”

“आधी कोनाचं हाय?”

“तुमचं, भाभी.”

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्याला म्हणाली, “ह्यांनी तुमाला सांगून ठेवलं असंल. परत वाचा. बोट ठेवून.”

“अल्लाकसम, भाभी,” कासमभाई म्हणाला, आणि सगळ्या वखारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, एकेका अक्षरावर बोट ठेवत, त्यानं तिचं नाव वाचलं. वाचून झाल्यावरही ती क्षणभर त्या पहिल्या दोन अक्षरांकडे बघत उभी राहिली. मग घरी आली, मांडी घालून बसली आणि माझ्याकडे सुईसाठी हात पुढं केला.